बिनतारखेचा बयाना

आमचं खानदान भटियाऱ्याचं, तिथूनच लिहायला घ्या. भटियारा म्हंजे नान लावणारा आन् देग चढवणारा, लग्नाकार्यातला बावर्ची. पडेगावला दौलताबाद रोडच्या कडंला आमची भट्टी, माझ्या दादांनी, म्हंजे अब्बांच्या वालिदांनी बांधलेली, शहरातले लोक नान-कलिया खायला तवाही यायचे, आताही येतात. लोक सांगतात की दिल्लीचा बादशहा राजधानी उचलून दौलताबादला आला तवा फौजेच्या पोटासाठी ही नान-कलिया निघाली, हजारो माणसं एका वक्ताला जेवली पायजेत, मग मोठ्या भट्टीत नान आन् देगीत कलिया, म्हंजे मटणाचा लाल रस्सा. खरं-खोटं त्या बादशहाला ठाऊक. पण एक बात हाय, आमच्या धंद्यात घाई लई, वऱ्हाड दारात उभं राहिलं की कलिया तयार पायजे, उद्या या म्हणून चालत नाय. अशा घरात मी जन्मलो आन् सगळी जिंदगी काढली खाणवाल्यांच्या संगतीत, ज्यांना उद्या म्हणल्याशिवाय दुसरं काय येतच नाय.

हमीद माझं नाव. घरात आमची दखनी चालती, दारातून बाहेर पाय टाकला की मराठी, तवा दोन्ही माझ्याच. अब्बा लई गुस्सेवाले. त्यांचा एक कायदा होता, बयाना, म्हंजे तुम्ही विसार म्हणता तो, घ्यायचा तर तारीख बोलून घ्यायचा, आन् एकदा घेतला की मग आसमान कोसळू दे, त्या दिवशी देग चढलीच पायजे. लासूर स्टेशनच्या एका व्यापाऱ्याकडं वलीमा, म्हंजे लग्नानंतरची दावत होती, अब्बांना असा ताप की उठता येईना, तर त्यांनी खाटेसकट स्वतःला टेम्पोत घालायला लावलं आन् तिथं देगीच्या बाजूला खाट टाकून पडल्या पडल्या शिव्या देत देत आमच्याकडनं कलिया करून घेतली. लोक जेवून तारीफ करून गेले, आन् आम्ही भाऊ मात्र शिव्यांनी पोट भरून घरी आलो.

माझं लग्न झालं, शमीम घरात आली, भट्टी एक आन् भाऊ चार. मग एका एजंटानं मला ओमानला लावून दिलं, खाणवाल्यांच्या कॅम्पवर बावर्ची म्हणून. डोंगरात तंबू, एक मशीन दिवसभर घर्र घर्र करतंय, जमिनीतून दगडाच्या गोल कांड्या काढतंय, उसाच्या कांड्या असतात ना तशा, आन् साहेब लोक त्या कांड्या पेटीत मांडून भिंग लावून बघत बसलेले. मला वाटलं हीच खाण. मग कळलं की नाय, ही नुसती पाहणी हाय. आता आपल्याकडं विहिरीचं कसं, पाणाड्या येतो, हातावर नारळ ठेवून शेतात फिरतो, नारळ उभा राहिला की इथं खोदा म्हणतो, उन्हाळ्यात खोदायला घेतली की पावसाच्या आधी विहीर झाली. म्हणलं खाणीचं तसंच असंल, थोडी मोठी विहीर. काय सांगू तुम्हाला, ही जी चूक होती ना डोक्यात, तीच मला पुढं भोवली.

ओमानचा कॅम्प एक दिवस गुंडाळला, का तर म्हणे पुरेसा माल नाय, आन् आम्हाला पाठवलं झांबियाला. आफ्रिका. नाव ऐकून आमच्या अम्मीनं रडायला सुरुवात केली, वाघ-सिंह खातील म्हणली. सिंह मला एक पण दिसला नाय, दिसली ती लाल माती, गुडघ्याएवढं गवत, जंगल, आन् माणसापेक्षा उंच वारुळं. कॅम्पच्या शेजारी एक गाव होतं, मातीच्या घरांचं, दारोदार आंब्याची झाडं, आन् त्या गावाची मुखिया एक बाई. तिला सगळे मामा मेरी म्हणायचे. तिथं आईला मामा म्हणतात. शमीमला फोनवर सांगितलं की इथं एक मामा हायेत, लई जीव लावतात, तर ती म्हणली बरं झालं, परदेशात मामाचा आधार मिळाला. मी पण लगेच खुलासा केला नाय.

मामा मेरी जाड, आवाज असा की जंगलाच्या पार ऐकू जावा. ती आमच्या कॅम्पला भाजी आन् अंडी द्यायची, माझ्या चुलीपाशी बसायची, मोडकं इंग्रजी तिचंही, माझंही, त्यामुळं आमचं चांगलं जमायचं. मी तिला आमच्या नान-कलियाचं सांगायचो, की लाल तर्री कशी वर तरंगती, नानला गूळ-हळदीचं पाणी कसं लावतो, हजार माणूस कसं एका पंगतीला बसतं. ती ऐकून मान हलवायची आन् म्हणायची, हमीद, तू बोलतोस लई, खायला काय दाखवत नाहीस. खरंच होतं, कॅम्पवर कंपनीचं राशन, त्यात उकडलेली कोंबडी आन् शेंगा. 

मोठे साहेब पीटर म्हणून होते, ऑस्ट्रेलियाचे, अंगानं काटकुळे आन् उंच, जेवणात मिरची मागून घेणारा एवढा एकच गोरा मी पाहिला. एक दिवस भरदुपारी ते स्वयंपाकाच्या तंबूत आले, हातात ओली कांडी, तिच्यात हिरव्या-पिवळ्या रेघा, आन् म्हणले मिळालं, हमीद, तांबं मिळालं, लई मोठं हाय. डोळ्यात पाणी त्यांच्या. मला विचाराल तर मी पण रडलो, का ते माहीत नाय. मग मी काय केलं, आपल्याकडं बोअरला पाणी लागलं की गूळ-खोबरं वाटतात ना, तसा मी राशनातला रवा काढून मोठा शिरा केला आन् परात डोक्यावर घेऊन सरळ गावात. पोरं नाचायला लागली. मामा मेरीनं विचारलं काय झालं, म्हणलं खाण लागली. ती म्हणली मग आता पोरांना काम मिळंल, रस्ता होईल, दवाखाना होईल. म्हणलं व्हय, होईल की सगळं. ती म्हणली, मग खाणीतून पहिला ट्रक निघंल त्या दिवशी तू सगळ्या गावाला तुझं ते खाणं खाऊ घाल. म्हणलं खाऊ घालतो. ती आत गेली, एक तुरेवाला कोंबडा धरून आणला आन् माझ्या हातात दिला, म्हणली हे तुझं आगाऊ.

बयाना. आता हात मागं घेईल तो भटियारा कसला? घेतला मी. आन् संध्याकाळच्या जेवणात कॅम्पवाल्यांनी तो कोंबडा खाऊनही टाकला, म्हंजे परत करायची बातच संपली.

जुम्म्याला अब्बांना फोन लावला, लई फुशारकीनं सांगितलं, आफ्रिकेत आपल्या नावाचा बयाना पडला. ते म्हणले शाबास, तारीख काय? म्हणलं तारीख नाय, खाण सुरू झाली की. अब्बांचा आवाज एकदम चढला. मग म्हणले, अरे गाढवाच्या, बिनतारखेचा बयाना आपल्या सात पिढ्यांत कोणी घेतला नाय, तू घेतलास. म्हणलं अब्बा, होईल वर्षभरात. माझी लेक नाझनीन तवा घरात रांगत होती.

मग मी पीटरसाहेबांना विचारलं, पहिला ट्रक कधी? ते हसले. म्हणले हमीद, आता कुठं कळलं की हाय, आता किती हाय ते मोजायचं. मोजण्यात दोन-तीन वर्षं गेली. मग म्हणले आता सरकारचा कागद, मग जंगलाचा कागद, मग नदीच्या पाण्याचा, मग गाववाल्यांची मंजुरी, मग सडक, मग बिजली, मग ह्या सगळ्याला पैसा लावणारा शेठ शोधायचा, आन् शेठ सापडला तवा तांब्याचा भाव पडला. भाव पडला की शेठ पळाला. कॅम्पला कुलूप लागलं. मी सामान बांधत होतो, मामा मेरी आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आन् म्हणली, हमीद, माझ्या कोंबड्याचं काय? म्हणलं मामा, मी जिता हाय तवर तुमचा कोंबडा माझ्या डोक्यावर हाय.

तिथून पुढं मी पीटरसाहेबांच्या मागं लई देश फिरलो. इंडोनेशियाच्या जंगलात राहिलो, तिथं कपडे कधी वाळलेच नाहीत. तुर्कस्तानात बर्फ पाहिला. आपल्या राजस्थानात उंटाच्या दुधाचा चहा केला. आन् सगळीकडं एकच तमाशा, कुठं सरकार झटकन सही देतं पण सडकच नाय, कुठं सडक झकास पण सही नाय, कुठं दोन्ही हाय तर पाण्यावरनं गाव रस्त्यात बसलेलं, आन् तेही बरोबरच बसलेलं. पीटरसाहेब सांगायचे अमेरिकेत तर खाण आधी कोर्टात खोदतात, मग जमिनीत, ज्यानं पहिली कांडी काढली तो पेन्शनीत जातो, मग त्याचा पोरगा फावडं लावतो. मी म्हणायचो साहेब, आमच्याकडं म्हणतात उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तुमच्या खाणीचा नवरा तर बोहल्यावर म्हातारा होतोय.

इकडं घरी माझी मस्करी. शादीला गेलो की कोणी ना कोणी विचारणार, का हमीदभाई, आफ्रिकेचा वलीमा कवा? पोरं-टोरं पण म्हणायची. मी हसायचो, पण आतून लई लागायचं. अब्बा थकले, खाटेला खिळले, तरी सुट्टीवर आलो की पहिला सवाल, निघाला का ट्रक? दुनियेतून जायच्या आधी दोन दिवस त्यांनी मला जवळ बोलावलं, वाटलं काही वसीयत सांगतील, तर म्हणले हमीद, त्या बाईचा बयाना बाकी ठेवून मरू नकोस, वर मला काय तोंड दाखवशील. मी त्यांच्या पायाला हात लावून म्हणलं नाय मरत.

हा जिद्दीचा किडा तवा बसला तो बसलाच. गुडघे गेले, कंपनीनं घरी पाठवलं, मी परत पडेगावच्या भट्टीवर बसलो, पण मामा मेरीच्या नातीचा नंबर मी संभाळून ठेवला होता. रूथ तिचं नाव, तिथल्या दवाखान्यात नर्स झालेली. ती फोटो पाठवायची. झांबियाच्या खाणीला पुन्हा नवा शेठ मिळाला, मग गाव उठवलं, पत्र्याच्या घरांची नवी वस्ती केली, आंब्याची झाडं मागं राहिली. सडक झाली. मग सडकेवर गवत आलं. मग गवत काढलं. पीटरसाहेब त्यांच्या देशात वारले, ते पण रूथनंच कळवलं. ज्यानं तांबं शोधलं त्यानं तिथलं फावडं हललेलं पाहिलं नाय हो. त्या दिवशी मी भट्टी लावली नाय, गिऱ्हाईक परत गेलं तर गेलं.

इथं करमाडला माझे साडू ऱ्हातात, त्यांचा पोरगा शेंद्र्याच्या फॅक्टरीत हाय, तो परवा मला सांगायला लागला, चाचा, आता सगळ्या गाड्या बिजलीच्या होणार, दोन-चार वर्षांत पेट्रोल बंद. म्हणलं बेटा, बिजलीच्या गाडीला तांबं लागतं ना, आन् ते तांबं जमिनीत हाय ना, मग दोन-चार वर्षांचं मला नको सांगू, मी पोळून बसलोय.

तर मागच्या वर्षी रूथचा मेसेज आला की नाताळनंतर पहिला ट्रक निघणार, पक्कं. मी शमीमला म्हणलं बॅग काढ. ती म्हणली गुडघा वाकंना आन् चालले आफ्रिकेला. नाताळ झाला, मग कळलं की दगड फोडायचं मोठं मशीन बंदरातच अडकलंय, अजून सहा महिने, कदाचित जास्ती. हे तर मला सवयीचं होतं. पण खाली रूथनं अजून एक ओळ लिहिली होती, की आजीला आता दिसत नाय, अंथरूण सोडून उठत नाय, आन् रोज विचारती तो बावर्ची जिता हाय का?

बास. मी फोन ठेवला आन् भट्टीसमोर बसून राहिलो. शमीमनं चहा आणला, ती पण बसली. मग माझ्या मनात आलं, अरे हमीद, तू कोणत्या दुनियेत हायेस? आपल्या धंद्यात तारीख कोण ठरवतं? नवरीचा बाप ठरवतो, ज्याचा बयाना त्याची तारीख. मला बयाना त्या खाणीनं दिला होता का? कंपनीनं दिला होता का? मग मी इतकी वर्षं ट्रकाकडं कामून बघत बसलो? तिथल्या तिथं रूथला फोन लावला, म्हणलं आजीच्या कानाला लाव. म्हणलं मामा, हमीद बोलतोय, जिता हाय, तुमच्या दावतीची तारीख सांगा. ती म्हणली, ट्रक? म्हणलं ट्रकाला मारा गोळी, तुम्ही सांगा. ती म्हणली, मका निघाला की पहिला इतवार.

शमीमला म्हणलं, ऐकलं का, तारीख मिळाली. ती उठली आन् गप मसाले निवडायला बसली, परत गुडघ्याचं नाव काढलं नाय तिनं. नाझनीननं इंटरनेटवर तिकिटाचं, व्हिसाचं सगळं केलं. तिचा पोरगा आता शाळेत जातो, बघा म्हंजे.

तिथं उतरलो तर ओळखच पटंना. पत्र्याची घरं एका ओळीत, मधी सडक, सडकेवर कुत्रं पण नाय. जी पोरं माझ्या शिऱ्यासाठी नाचली होती ती दाढीवाली झालेली, बरीचशी शहरात निघून गेलेली, खाणीच्या कामाची वाट बघून बघून. मामा मेरी अंगणात चटईवर, एवढीशी झालेली. माझा आवाज ऐकला आन् हात पुढं केला, माझा चेहरा चाचपला, आन् म्हणली म्हातारा झालास रे. म्हणलं खाणीनं केला.

भट्टीला माती पायजे होती. तिथले लोक म्हणले वारुळाची माती सगळ्यात पक्की. आता आपल्याकडं वारुळाला कोणी हात लावत नाय, पंचमीला शेजारच्या बायका दूध ठेवतात, मी मुसलमान असलो तरी गावचाच ना, माझा पण हात थांबला. मामा मेरीला विचारलं तर ती हसली, म्हणली आमची जुनी घरं त्याच मातीच्या विटांची, घे बिनधास्त. दोन दिवसांत भट्टी झाली, झकास तापली. बकरे मी माझ्या हातानं हलाल केले, बायांनी पत्र्याच्या टबात पीठ मळलं, पीठ फुगवायचं खमीर रूथनं शहरातून आणलं, मिरची-मसाला माझ्या बॅगेत पडेगावचा. कलियेला तर्री सुटली तवा वास असा गेला की नव्या वस्तीतले, पलीकडच्या गावातले, रस्त्यावरचे मजूर, सगळे गोळा.

आमच्यात पहिलं नान फातिहाचं काढून ठेवतात, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं दुवा मागून मग जेवायचं. मी एक नान पानावर ठेवलं आन् मामा मेरीला समजावलं, की हे ज्यांना ही दावत खायची होती आन् जे थांबले नाहीत त्यांच्यासाठी. ती म्हणली मग एकानं कसं भागंल? आन् नावं सांगायला लागली. तिचा नवरा. तिचा थोरला. नदीपाशी राहायची ती सुईण. ड्रिलच्या मशीनवर होता तो पोरगा, त्याला ताप आला होता. एकेक नाव, आन् मी चटईवर एकेक नान मांडत गेलो, चटई संपली, बायांनी दुसरी टाकली, ती पण संपत आली, तरी तिची नावं चाललेलीच. मग ती थांबली आन् म्हणली, तुझं कोणी हाय का? म्हणलं हाय. एक पीटरसाहेबांचं ठेवलं. एक अब्बांचं. अब्बांचं ठेवताना मात्र माझ्याच्यानं राहवलं नाय, तिथंच मातीत बसलो आन् मोठ्यानं रडलो, आन् ती आंधळी बाई माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली.

मी माझी दुवा मागितली, तिनं तिची. मौलानांना काही सांगू नका. ती सगळी नानं आम्ही पहिली लेकरांना वाटली. मग पंगत बसली. मामा मेरीला मी माझ्या हातानं भरवलं, तर्रीत बुडवून. तिनं चावलं, गिळलं, सगळं गाव तिच्या तोंडाकडं बघतंय. आन् म्हणली, मिरची लई टाकलीस. आन् पुन्हा तोंड उघडलं.

आता लोक मला विचारतात, हमीदभाई, शेवटी ट्रक निघाला का? नाय निघाला. मशीन बंदरातून आलंय, बसवायला घेतलंय, रूथ म्हणती पावसाळ्यानंतर. मी म्हणतो निघंल, ज्या जमिनीनं एवढ्या माणसांना वाट बघायला लावली ती कधी तरी देईलच, अल्ला तिथल्या लेकरांच्या नशिबात ते घालो, त्यांची उमर जायच्या आत घालो, एवढीच दुवा. आन् तुम्ही लिहिताय तर एवढं लिहा, की खाण किती वर्षांत होती असं कोणी विचारलं तर साहेब लोक काय सांगायचं ते सांगतील, मला विचारलं तर मी म्हणतो, दोन चटया भरून नानं.

चला, हात धुवा. नान गरम हाय तवर बसायचं.